रतौन्याचा हिशेब

आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. आज आपण मांसासाठी जाणाऱ्या गुरांबद्दल बोलणार आहोत. कोणी काय खावं, कोणी काय पुजावं, हा माझा विषय नाही. माझा विषय इतिहासातला एक हिशेब आहे. गुरांचा कळप फायद्यात ठेवायचा असेल तर नेमकं काय लागतं, आणि आमच्या भागात हा हिशेब शंभर वर्षांपूर्वी कसा मांडला गेला, कसा उधळला गेला आणि मग पुढे कुणाच्या माथ्यावर बसला, ते आज पाहू.

मी बोलतोय जबलपूरच्या नेपियर टाउनमधून. इथली मराठी वस्ती जुनी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ पर्यंत इथे होता, त्यानंतर इंग्रज आले. छावणी आली, रेल्वे आली, तोफगाड्यांचा कारखाना आला आणि त्यांच्यामागून नोकरदार मराठी माणसंही आली. शेतीशी नातं सुटलेली ही वस्ती. त्यामुळे गुरांचा विषय निघाला की आम्हा शहरी लोकांना एकतर देव्हाऱ्यातली गाय आठवते, नाहीतर भर रस्त्यात रवंथ करत बसलेली. मधली गाय, म्हणजे शेतकऱ्याच्या जमाखर्चातली गाय, आम्हाला दिसतच नाही. आज बोलायचंय ते तिच्याबद्दल.

साल १९२०. जबलपूरहून दमोहमार्गे सागरला जा. सागरच्या शेजारी, बीन्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर रतौना नावाचं गाव आहे. तिथे एक मोठा यांत्रिक कत्तलखाना उभा करायचं ठरलं. कंपनीचं नाव होतं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस टॅनिंग अँड ट्रेडिंग कंपनी, आणि कारभार डेव्हनपोर्ट कंपनीकडे. नावात ‘टॅनिंग’ आहे हे लक्षात घ्या, म्हणजे कातडी कमावणं. नुकतंच पहिलं महायुद्ध संपलं होतं. बूट, खोगिरं, पट्टे यांना युद्धात प्रचंड मागणी होती आणि हिंदुस्थानातून कच्चं कातडं बाहेर जाण्याऐवजी इथेच कमवावं, असं सरकारी धोरण वाहत होतं. रतौन्याच्या हकिकतींत रोज १४०० जनावरं हा आकडा येतो. १४०० जनावरं, आणि तीही रोज.

मांसाचं काय करणार होते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर सागर-दमोह भागात आधीच तयार होतं. मांस वाळवायचं आणि ब्रह्मदेशात पाठवायचं. हा व्यापार रतौन्याच्या आधीपासून तिथे चालत असे. बर्फाची सोय नाही, शीतगृह नाही, समुद्र शेकडो कोस लांब; अशा ठिकाणी मांस टिकवण्याचा रास्त मार्ग म्हणजे बुंदेलखंडचं ऊन. त्यावर कातडं, शिंगं, हाडं, चरबी. कागदावर धंदा चोख होता. रेल्वेफाटा दारात, आजूबाजूला गुरांचे बाजार आणि जनावर स्वस्त.

जनावर स्वस्त का होतं? सगळा आतबट्ट्याचा व्यवहार इथेच दडलेला आहे, म्हणून जरा थांबू या.

जगात त्याच सुमारास मांसाच्या गुरांचा धंदा भरभराटीला आला होता. उरुग्वेत फ्राय बेंटोसला १८६५ पासून लीबिगचा मांसाचा अर्क तयार होत होता. त्याच वर्षी शिकागोत गुरांचा प्रचंड बाजार, युनियन स्टॉक यार्ड्स, सुरू झाला. १८७६ मध्ये ‘फ्रिगोरिफिक’ नावाचं जहाज शीतपेट्यांत मांस भरून फ्रान्स आणि अर्जेंटिना यांच्यामधला समुद्र ओलांडून गेलं. या देशांतले गुरांचे मालक काय करत? त्यांचा हिशेब एका वाक्यात मावतो: प्रत्येक गाईने दर बारा महिन्यांनी एक जिवंत वासरू द्यायचं, आणि न देणारी गाय कळपात ठेवायची नाही. शंभर गाई असतील तर पंच्याऐंशीच्या आसपास वासरं मोठी होतात. पंधरा कालवडी पुढच्या वर्षांसाठी राखायच्या. बाकीची सत्तर वासरं आणि काढून टाकलेल्या चौदा-पंधरा गाई बाजारात. म्हणजे शंभर गाईंमागे वर्षाला ऐंशीच्या वर जनावरं विक्रीला. थंडी सुरू व्हायच्या आधी गाई तपासायच्या, रिकामी निघाली तर लगेच विकायची. कारण रिकामी गाय हिवाळाभर गाभण गाईइतकंच गवत खाते आणि वसंतात काहीच देत नाही. तिचा खर्च उरलेल्या वासरांच्या किमतीवर चढतो. कुठल्याही देशात मांसाच्या कळपाचा नफा असाच निघतो. जातिवंत वळू, हिरवी कुरणं, सगळं खरं, पण त्यानंतरचं.

आता हीच पट्टी सागर-जबलपूरच्या गावकळपाला लावू. पुढचे आकडे माझे, समजण्यासाठी मांडलेले. कुठल्या गणनेतले नाहीत. समजा गावात शंभर जनावरं आहेत. त्यात तेहेतीस बैल, पंचवीस गाई आणि बाकी लहानमोठी वासरं, गोऱ्हे, कालवडी. देशी गाय, चारा बेताचा, उन्हाळ्यात तर नुसती वाळकी काटकी. तेव्हा दोन वेतांमध्ये वीसेक महिने जातात. पंचवीस गाईंची वर्षाला पंधरा वासरं. त्यातली काही रोगाने, काही उपासमारीने जातात, कारण दूध घरात आधी आणि वासराला नंतर. चार वर्षांनी मोठी होऊन कामाला लागतात ती दहा-अकरा. बैल आठेक वर्षं नांगराला चालतो, म्हणजे तेहेतीस बैलांसाठी दरवर्षी चार नवे हवेत. गाईंसाठी तीन. वर तीनेक उरतात. दरवर्षी कळपाबाहेर जाणारं जनावर म्हणजे हे वरचे तीन आणि जागा रिकामी करणारे सात म्हातारे. त्यातलीही काही दावणीलाच मरतात. शेवटी बाजारात जाऊ शकतं ते शंभरामागे सात किंवा आठ.

पट्टी एकच, पण तिथे शंभर गाईंमागे ऐंशी आणि इथे शंभर जनावरांमागे आठ. यात इथला शेतकरी आळशी आहे असं काही नाही. त्याचा कळप मांसासाठी नव्हताच. त्याला हवा होता बैल. गाय ठेवायची ती बैलाची आई म्हणून. दूध-तूप हे वरचं उत्पन्न, शेण हे रोजचं. मांस आणि कातडं म्हणजे या सगळ्यातून उरलेली शेवटची गोष्ट. या भागात मांसाचं जनावर कोणी ‘वाढवत’ नव्हतं, ते ‘उरत’ असे. म्हणूनच ते स्वस्त होतं. चार वर्षं पोसण्याचा खर्च नांगराच्या खात्यावर आधीच पडलेला असायचा.

आता रतौन्याचा गुणाकार करा. रोज १४००, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर चार लाख वीस हजार. शंभरामागे साडेसात या हिशेबाने एवढी जनावरं दरवर्षी हवी असतील, तर मागे छप्पन्न लाखांचं गोधन उभं पाहिजे, आणि त्यातलं प्रत्येक उरलेलं जनावर याच एका दारात आलं पाहिजे. गावोगावचे खाटीक, छावणीचे ठेकेदार, जुने वाळवणवाले, सगळ्यांनी हात आखडता घेतला पाहिजे. हे होणार कसं? म्हणजे कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तर तो ‘उरलेल्या’ जनावरांवर भागणार नव्हता. त्याला कामाचा बैल आणि दुभती गाय लागणार होती. आणि ती कुठून मिळते? अवर्षणाच्या वर्षी मिळते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ जबलपूर-सागर भागाने भोगले होते. कडबा संपला की शेतकरी बैल मिळेल त्या किमतीला हेड्याच्या हवाली करतो. पुढच्या वर्षी पाऊस येतो, पण नांगराला बैल नसतो.

गंमत पाहा, हाच मुद्दा एका मराठी माणसाने त्याच्या सदतीस वर्षं आधी मांडला होता. जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गुरांच्या ऱ्हासाची चर्चा आहे. गोऱ्या सैन्यासाठी होणारी कत्तल आणि जंगल खात्याने अडवलेली कुरणं, या दोन्हींकडे फुले बोट दाखवतात. देव्हाऱ्यातल्या गाईसाठी फुले रडतील असं कुणी म्हणणार नाही. त्यांना दिसत होता तो बैल गमावलेला कुणबी.

रतौन्याविरुद्धची चळवळ जबलपूरहूनच पेटली. ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक जानेवारी १९२० मध्ये इथून निघू लागलं होतं. संपादक माखनलाल चतुर्वेदी. त्यामागची प्रेरणा माधवराव सप्रे यांची. सप्रे म्हणजे दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मलेला मराठी माणूस, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारा. आमच्या इथल्या मराठी माणसाने हिंदीला काय दिलं, हे सांगायला सप्र्यांचं एक नाव पुरतं, पण महाराष्ट्रात ते फारसं कुणाच्या ओठावर नसतं, याची मला खंत आहे. असो. ‘कर्मवीर’ने रतौन्यावर तोफ डागली. त्याच्या जोडीला जबलपूरचंच उर्दू पत्र ‘ताज’ उभं राहिलं, त्याचे संपादक ताजुद्दीन. सागरमध्ये भाई अब्दुल गनी पुढे झाले. लाहोरहून लाला लजपतरायांच्या ‘वंदे मातरम्’ने साथ दिली. खिलाफतीचे दिवस होते, हिंदू-मुसलमान एकत्र येत होते, हे खरंच. पण मुसलमान संपादक आणि मुसलमान कार्यकर्ते कत्तलखान्याच्या विरोधात आघाडीवर असतात, तेव्हा प्रश्न निव्वळ धर्माचा उरत नाही. शेती कुणाच्या बैलांवर चालते, हे सागरच्या शेतकऱ्याला जात-धर्म न विचारता माहीत होतं. सरकारला १९२० मध्येच माघार घ्यावी लागली. काही महिन्यांत मिळालेला विजय. या प्रांतात असे फार नाहीत.

आपली पाठ्यपुस्तकं, जिथे रतौना असतोच तिथे, इथे थांबतात. मला इथून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारखाना गेला. शंभरामागचे ते सात-आठ गेले का? ते दरवर्षी उरतच राहिले. त्यांचं काय करायचं, या प्रश्नाला विसाव्या शतकात तीन उत्तरं दिली गेली, आणि तिन्हींत मराठी माणसं आहेत.

पहिलं उत्तर वर्ध्याचं. गांधीजींचं म्हणणं होतं की गोरक्षण करायचं तर गोशाळेला चर्मालय जोडलं पाहिजे. जनावर मारायचं नाही, पण मेल्यावर त्याचं कातडं, हाडं, मांसाचं खत, काहीही वाया घालवायचं नाही. त्याचे पैसे जिवंत जनावरांच्या खात्यात जमा करायचे. वर्ध्याजवळ नालवाडीला वाळुंजकरांनी असं चर्मालय चालवून दाखवलं. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाचं काम हाती घेतलं आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. मला हे उत्तर हिशेबाच्या दृष्टीने फार प्रामाणिक वाटतं, कारण त्यात गाईचं मरण वहीत लिहिलेलं आहे. पण त्या वहीत एक रकाना कोरा होता. मेलेलं ढोर ओढायचं कुणी, सोलायचं कुणी? शतकानुशतकं हे काम ज्यांच्या गळ्यात मारलं होतं त्यांना बाबासाहेब आंबेडकर १९२७ पासून सांगत होते, हे सोडा. आणि ते बरोबरच सांगत होते. ज्या कामाचा मोबदला म्हणजे विटाळ, ते काम फुकटात धरून कुठल्याही कळपाचा नफा काढला तर तो खोटा नफा आहे.

दुसरं उत्तर कायद्याचं. १९४९ चा सी. पी. अँड बेरार अ‍ॅनिमल प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट. तेव्हा नागपूर राजधानी होती आणि जबलपूर, सागर, अमरावती, वर्धा एकाच प्रांतात होते, म्हणजे हा कायदा आमचाही आणि विदर्भाचाही. पुढे दुरुस्ती होऊन बंदी बैलांपर्यंत पोचली. बिहार आणि उत्तर प्रदेशच्या कायद्यांबरोबर तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५८ च्या महंमद हनीफ कुरेशी खटल्यात निकाल लागला: गाईच्या आणि वासरांच्या कत्तलीवर संपूर्ण बंदी वैध, पण कामातून गेलेल्या बैलावर सरसकट बंदी अवैध. न्यायालयाने थेट चाऱ्याचा विचार केला. निरुपयोगी जनावर पोसलं तर त्याचा चारा उपयोगी जनावराच्या तोंडून जातो. पहिल्या पंचवार्षिक योजनेत अशा जनावरांसाठी १६० गोसदनांची तरतूद होती, प्रत्यक्षात त्यातली थोडीच उभी राहिली, हेही त्या वेळी समोर होतं. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने, एकाच्या असहमतीसह, ही भूमिका फिरवली. शेण आणि गोमूत्र लक्षात घेतलं तर म्हातारा बैलही निरुपयोगी नाही, असं बहुमताने मानलं. मध्य प्रदेशात तोवर २००४ चा कायदा आलाच होता. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय वाचवली होती, बैलावरची बंदी मार्च २०१५ पासून आली.

तिसरं उत्तर, खरं तर तिसरा प्रश्न, पुण्याच्या गोखले संस्थेतून आला. वि. म. दांडेकर. योगायोग असा की त्यांचा जन्मही १९२० चाच, साताऱ्याचा. गरिबीवरच्या दांडेकर-रथ अभ्यासासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहेत, पण साठच्या दशकात ते गुरांच्या संख्येवर लिहीत होते, हे कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ मध्ये मांडलं की हिंदुस्थानी माणसाने गाय न मारण्यात एक सुप्त शहाणपण आहे; शेण, बैल, दूध यांचा हिशेब केला तर गाय पोसणं परवडतं. आपल्याकडे अनेकांना हे ऐकून बरं वाटलं. दांडेकरांना वाटलं नाही. त्यांचा युक्तिवाद मी माझ्या शब्दांत सांगतो: कळपाची संख्या कशाने तरी आवरलीच जाते. माणूस निवड करून ती आवरत नसेल तर भूक ती आवरते, आणि भूक निवड करत नाही. ती चांगल्या कालवडीलाही खंगवते. १९२८ च्या शेती आयोगानेही तेच दुष्टचक्र दाखवलं होतं: गुरं निकस, म्हणून जास्त ठेवायची; जास्त ठेवली, म्हणून चारा अपुरा; चारा अपुरा, म्हणून आणखी निकस.

दांडेकर बरोबर की हॅरिस? मला वाटतं, हॅरिस १९२० च्या गावाबद्दल बरेचसे बरोबर होते. बैलाशिवाय नांगर नव्हता, त्या काळी उरलेलं जनावरसुद्धा चघळलेल्या काडीवर जगे आणि शेण देई. पण ट्रॅक्टर आला आणि हिशेबाचा पायाच सरकला. गाय बैलाची आई राहिली नाही, ती फक्त दुधाची झाली. संकरित गाईचा गोऱ्हा कुणाला हवा? २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश सुमारे १९ कोटी आहे, एकूण संख्या जवळपास जिथल्या तिथे, पण आधीच्या गणनेपेक्षा गाई वाढल्या आणि नर तीस टक्क्यांच्या आसपास घटले. सात वर्षांत तीस टक्के! त्याच गणनेत मोकाट गुरं सुमारे ५० लाख मोजली गेली. रतौन्याला जे ‘उरलेलं’ जनावर हवं होतं, ते आता रस्त्यावर आहे.

उत्तम व्यवस्थापनाने हे सुटेल, असं कुणी म्हणालं तर मी त्याला लष्करी गोशाळांची गोष्ट सांगतो. पहिली १८८९ मध्ये अलाहाबादला निघाली. जबलपूरच्या छावणीतही मिलिटरी फार्म होता. स्वातंत्र्यानंतर देशभरात अशा १३० फार्मांवर ३०,००० जनावरं होती. प्रत्येक गाईची नोंद, प्रत्येक वेताचं दूध लिहिलेलं. फ्रिजियन आणि साहिवालच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ ही जात त्यांनीच भारतीय कृषी संशोधन परिषदेबरोबर घडवली. कळप सांभाळण्याची याहून चांगली शिस्त या देशात क्वचितच कुठे असेल. बाहेर दूध सहज मिळू लागलं आणि ३१ मार्च २०२१ ला हा सगळा विभाग बंद झाला. गाई सरकारी खात्यांना आणि दूध संघांना नाममात्र किमतीत देण्यात आल्या.

आणि म्हैस? ती आपल्या वादात कधी येत नाही, पण शेतकऱ्याच्या वहीत ती ठळक आहे. देशात म्हशी सुमारे ११ कोटी. दूध दाट, भाव चढा, आणि भाकड झाली तर तिला बाजारात किंमत आहे. म्हातारी म्हैस विकून त्या पैशांत नव्या म्हशीचा काही हिस्सा निघतो. म्हाताऱ्या गाईचं काय? मध्य प्रदेश सरकारने गोशाळांचं अनुदान अलीकडे दर जनावरामागे दिवसाला २० रुपयांवरून ४० केलं. वर्षाचे १४,६०० रुपये. हा खर्च आधी कोण करत होतं? तोच शेतकरी, जोवर करवत होता तोवर. मग त्याने रात्री दावं सोडलं. गोवंश वाचवायचा असं समाजाने ठरवलं असेल, तर १४,६०० रुपये कळपाच्या खर्चात धरून ते समाजाने भरायला हवेत, असं मला वाटतं. शेतकऱ्याच्या एकट्याच्या खिशातून पुण्य विकत घेणं हा व्यवहार मला पटत नाही. आणि ते परवडत नसेल तर तसं उघड बोलावं, दांडेकरांसारखं.

रतौन्याला आज सरकारी पशुप्रजनन केंद्र आहे. जिथे रोज १४०० जनावरं कापली जायची होती, तिथे वळू आणि कालवडी तयार होतात. दरवर्षी तिथेही काही जनावरं म्हातारी होत असणारच.

पुढच्या भागात म्हशीकडे वळू. तिचा इतिहास गाईपेक्षा कमी लिहिला गेलाय आणि मला तो जास्त रंजक वाटतो. भेटू या.